बँक बुडाली तर माझ्या ठेवीचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोवीस वर्षं एका नागरी सहकारी बँकेत काउंटरच्या आत बसलो आणि निवृत्तीनंतर आमच्या हाउसिंग सोसायटीचा खजिनदार म्हणून काउंटरच्या बाहेर उभा राहिलो. खालचे प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकलेले आहेत, काही जिन्यात, काही रात्री साडेअकराला फोनवर. उत्तरं भारतातल्या ठेव विमा कायद्याला धरून आहेत. मधूनमधून माझी मतं डोकावतात, ती तेवढी चाळून घ्या.

पाच लाखांचा विमा म्हणतात तो नक्की कशाचा?

बँकेला तुमची ठेव परत करता आली नाही, तर एका ठेवीदाराला एका बँकेमागे जास्तीत जास्त ५ लाख रुपये मिळतात. देणारी संस्था म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'डीआयसीजीसी' म्हणतात. ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची संस्था असून तिचं कार्यालय मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर आहे. बचत, चालू, मुदत, आवर्ती या सगळ्या ठेवी त्यात येतात.

याचं मूळ १९६० सालात आहे. त्या वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि पाठोपाठ लक्ष्मी बँक बुडाली, लोक हवालदिल झाले आणि १९६१ मध्ये कायदा आला. १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँका १९६८ च्या दुरुस्तीने आत आल्या. १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली आणि तिथेच सत्तावीस वर्षं बसून राहिली. या काळात पगार कुठून कुठे गेले, फ्लॅटचे भाव कुठे गेले, विमा मात्र १ लाखच. ४ फेब्रुवारी २०२० ला ती ५ लाख झाली, तीसुद्धा पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचे ठेवीदार चार महिने रस्त्यावर उभे राहिल्यानंतर.

हा विमा मला काढावा लागतो का?

नाही. अर्ज नाही, हप्ता नाही. हप्ता बँक भरते आणि तो ग्राहकाकडून वसूल करायला मनाई आहे. एप्रिल २०२० पासून दर ठरला वर्षाला १०० रुपये ठेवीमागे १२ पैसे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जोखीम बघून हप्ता ठरवण्याची पद्धत जाहीर केली, म्हणजे धड चालणाऱ्या बँकेला कमी.

गंमत अशी की हप्ता सगळ्या ठेवीवर भरला जातो आणि भरपाई पाचच लाखांची मिळते. तुमचे २० लाख असतील तर बँक तुमच्यापायी वर्षाला २,४०० रुपयांपर्यंत भरते. मोठ्या ठेवीदारांच्या जिवावर छोट्यांचा विमा चालतो म्हणा ना. मार्च २०२४ अखेरचा हिशोब पाहिला तर खात्यांच्या संख्येने जवळपास ९८ टक्के खाती पूर्ण सुरक्षित होती, पण रकमेच्या हिशोबाने ठेवींचा ४३ टक्क्यांच्या आसपासचाच भाग विम्याखाली होता.

माझ्या बँकेला हा विमा आहे का, ते कसं ओळखायचं?

पाटी वाचा. चेष्टा करत नाही, आमच्याकडच्या निम्म्या दुःखाचं मूळ पाटी न वाचण्यात आहे.

राष्ट्रीयीकृत, खाजगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, पेमेंट्स बँका, परदेशी बँकांच्या भारतातल्या शाखा, नागरी सहकारी, जिल्हा मध्यवर्ती सहकारी आणि राज्य सहकारी बँका या सगळ्यांना विमा आहे. नागरी सहकारी पतसंस्थेला नाही. 'मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी' असं लिहिलं असेल तिला नाही. 'निधी लिमिटेड'ला नाही. पगारदार नोकरांच्या पतपेढीला नाही. फायनान्स कंपनीच्या मुदत ठेवीला नाही.

आता अडचण कुठे येते बघा. पतसंस्थेतही काचेचा काउंटर असतो, टोकन असतं, पासबुक छापून मिळतं, पिग्मी गोळा करायला एजंट रोज दुकानात येतो. बोलताना आपण सर्रास म्हणतो, "जरा बँकेत जाऊन येतो." माझ्याकडे एक आजी पावती घेऊन आल्या होत्या. जाड हिरवट कागद, वर लक्ष्मीचं चित्र, कडेला नोटेसारखी नक्षी. ठेव ३ लाखांची. मधोमध संस्थेचं नाव चांगल्या इंचभर अक्षरांत, त्यातला 'अर्बन' लालभडक. 'सहकारी पतसंस्था मर्यादित' हे शब्द त्याच्या खाली मुंगीएवढ्या टायपात. आजी म्हणाल्या, "अर्बन म्हणजे बँकच ना रे?" अर्बन म्हणजे शहरी, एवढंच. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसताना नावात 'बँक' लावायला कायद्याने बंदी आहे आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सहकारी संस्थांच्या बाबतीत लोकांना तसं जाहीर सावधही केलं होतं. 'अर्बन', 'नागरी', 'क्रेडिट' या शब्दांवर मात्र बंदी नाही.

पडताळायचे दोन मार्ग. बँकेच्या वेबसाइटवर आणि इंटरनेट बँकिंगच्या पानावर डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड लावणं सप्टेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, तो फोनवर स्कॅन करा. किंवा महामंडळाच्या वेबसाइटवर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधा. नाव अक्षर न् अक्षर जुळवा, कारण एकाच गावात सारख्या नावाची बँक आणि पतसंस्था दोन्ही असू शकतात.

मग पतसंस्थेत पैसे अडकले तर कायदाच नाही?

कायदा आहे, विमा नाही. महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे. वर्तमानपत्रात 'एमपीआयडी' म्हणून वाचता तो हाच. त्याखाली गुन्हा नोंदतो, संचालकांच्या मालमत्तेवर टाच येते, विशेष न्यायालय लिलावाला परवानगी देतं आणि त्यातून ठेवीदारांना वाटप होतं. शिवाय सहकार खात्याचे निबंधक आहेत, मल्टिस्टेटसाठी केंद्रीय निबंधक दिल्लीत. हे सगळं खरं, पण लिलावाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत जी वर्षं जातात ती भरून देणारं कलम त्या कायद्यात नाही.

५ लाख म्हणजे मुद्दल, की व्याज धरून?

व्याज धरून. मुद्दल ४ लाख ८० हजार आणि चढलेलं व्याज १५ हजार असेल तर ४ लाख ९५ हजार सगळे मिळतील. तेच व्याज ३५ हजार असेल तर एकूण होतात ५ लाख १५ हजार, त्यातले वरचे १५ हजार विम्याबाहेर. म्हणून एका बँकेत बरोब्बर ५ लाखांची पावती करणाऱ्यांना मी साडेचारच ठेवा असं सांगतो. पुनर्गुंतवणुकीची ठेव असेल तर त्याहून कमी, कारण तिथे व्याज आतल्या आत मुदलात मिसळत जातं.

एकाच बँकेच्या तीन शाखांत ५-५ लाख ठेवले तर?

तिन्ही मिळून ५ लाख. शाखा मोजत नाहीत, बँक मोजतात. बचत, मुदत, आवर्ती असे प्रकार वेगळे केले तरी बेरीज एकच. दुसऱ्या बँकेतले पैसे मात्र स्वतंत्र धरले जातात.

जोडनावाच्या खात्याचं कसं?

इथे कायदा थोडा उदार आहे आणि बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. कायद्याचा शब्दप्रयोग आहे 'एकाच हक्काने आणि एकाच नात्याने' धारण केलेल्या ठेवी. तुमचं एकट्याचं खातं हे एक नातं. तुम्ही आणि तुमची पत्नी, या क्रमाने जोडखातं हे दुसरं. पत्नीचं नाव आधी आणि तुमचं नंतर, हे तिसरं. पत्नीचं एकटीचं खातं चौथं. म्हणजे एकाच बँकेत, दोघांत मिळून, २० लाखांपर्यंत विमा बसू शकतो. त्याच क्रमाची चार जोडखाती काढली तर ती चार होत नाहीत, त्यांची बेरीज होऊन ५ लाखच. वारस म्हणून नाव लावल्याने विमा वाढत नाही, ते जोडनाव नव्हे.

क्रम बदलायचा तर ठेवीची मुदत संपताना नवी पावती करताना बदला, मध्येच मोडून व्याज घालवू नका. आणि पहिलं नाव ज्याचं त्याच्या नावावर व्याजाचा कर कापला जातो, तेवढं ध्यानात ठेवा.

दुकानाच्या चालू खात्यातले पैसे वेगळे धरतात का?

दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर नाही, पाटीवर नाव काहीही असो. ते तुमच्या स्वतःच्या ठेवीत मिळवलं जातं. भागीदारी फर्मचं खातं, कंपनीचं खातं, विश्वस्त म्हणून खातं, अज्ञान मुलाचे पालक म्हणून चालवलेलं खातं, ही मात्र वेगळी नाती.

आमच्या सोसायटीचे ४० लाख एका बँकेत आहेत. सभासद ८० आहेत. मग प्रत्येकी धरणार ना?

नाही हो. हा प्रश्न आला की माझ्या पोटात आजही खड्डा पडतो.

सोसायटी ही एकच ठेवीदार. ८० सभासद असोत की ८००, मिळणार ५ लाखच. गणेशोत्सव मंडळ, देवस्थान, शाळेची संस्था, मयत फंड, सगळ्यांना हाच नियम. आमच्या सोसायटीचे ३१ लाख जवळच्याच एका नागरी सहकारी बँकेत होते. सहा पावत्या, सिंकिंग फंड आणि लिफ्ट बदलायला साठवलेले पैसे. मॅनेजर ओळखीचा, व्याज अर्धा टक्का जास्त, आणि चेक भरायला वॉचमन चालत जाऊन येई. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागले त्या दिवशी सकाळी दहाला मी पोचलो तर शटर अर्धं खाली आणि त्यावर ए-फोर कागद, सेलोटेपने चारही कोपऱ्यांत चिकटवलेला. लोक तो कागद मोबाइलवर टिपून घेत होते. विम्याचे ५ लाख यथावकाश आले. उरलेल्या २६ लाखांचा दावा आम्ही अवसायकाकडे, म्हणजे बंद पडलेल्या बँकेची मालमत्ता विकून देणी भागवायला नेमलेल्या माणसाकडे, लावला आणि वार्षिक सभेत मी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. मी स्वतः बँकवाला. नियम मला पाठ होता. पण सहा पावत्या बघून मनाला कुठेतरी वाटत राहिलं की आपण पैसे विभागलेत.

सोसायटीने निधी कुठे गुंतवावा यावर सहकार कायद्याच्या कलम ७० ची बंधनं आहेत, त्यामुळे मनाला येईल तिथे पैसे टाकता येत नाहीत. त्या चौकटीत बसणाऱ्या दोन-तीन बँका निवडा, कमिटीचा ठराव करा, लेखापरीक्षकाला दाखवा. खजिनदाराचा व्याप वाढतो हे कबूल. लिफ्टही मग आम्ही सभासदांकडून वर्गणी काढूनच बदलली.

माझ्या दोन बँका एकमेकींत विलीन झाल्या. आता?

दोन मर्यादांची एक झाली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून एकच झाल्या. ज्याचे दोन्हीकडे ४-४ लाख होते त्याचे आता एका बँकेत ८ लाख आहेत. असं पत्र घरी येत नाही, आपणच पासबुकं समोर ठेवून बेरीज करायची.

'निर्बंध' आले म्हणजे बँक बुडाली का?

नाही. बँकिंग विनियमन कायद्याच्या ३५अ कलमाखाली रिझर्व्ह बँक निर्देश काढते. नवी ठेव घ्यायची नाही, नवं कर्ज द्यायचं नाही, खात्यातून अमुकच रक्कम काढता येईल. लोक म्हणतात 'बँकेला ३५अ लागलं'. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की या निर्देशांचा अर्थ परवाना रद्द झाला असा घेऊ नये. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण ज्याच्या आईचं ऑपरेशन गुरुवारी आहे त्याला या फरकाचं काय करायचं?

२३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीची मर्यादा होती फक्त १,००० रुपये. मग ती टप्प्याटप्प्याने १ लाखापर्यंत वाढली. पुण्याची रुपी बँक तर फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंधात होती आणि तिचा परवाना गेला सप्टेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! बँक ना जिवंत ना मेलेली, आणि जुन्या कायद्यात विमा मिळायचा तो बँक अवसायनात निघाल्यावर किंवा विलीनीकरणाची योजना मंजूर झाल्यावर. तोवर ठेवीदाराने काय करायचं, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

तो ९० दिवसांचा नियम काय आहे?

हीच अडचण सोडवायला २०२१ मध्ये कायद्यात १८अ हे कलम घातलं, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू. आता परवाना रद्द होण्याची वाट बघावी लागत नाही. पैसे काढण्यावर निर्बंध लागू झाले की त्या तारखेपासून घड्याळ सुरू. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत महामंडळाने ती तपासायची, शेवटच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. एकूण ९०.

यात एक पळवाट म्हणा, सोय म्हणा, आहे. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होण्याची बोलणी चालू असतील आणि रिझर्व्ह बँकेला तसं योग्य वाटलं, तर आणखी ९० दिवस पुढे ढकलता येतं.

अलीकडचं उदाहरण मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेचं. १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. २७ फेब्रुवारीपासून २५ हजारांपर्यंत काढायला परवानगी मिळाली. विम्याची ९० दिवसांची तारीख १४ मे होती. आणि ४ ऑगस्टपासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. हे सगळं सहा महिन्यांच्या आत. रुपी बँकेच्या ठेवीदारांना हे वेळापत्रक दाखवलं तर ते काय म्हणतील याचा मी विचार करत नाही.

पैसे आपोआप येतात की काही करावं लागतं?

करावं लागतं. बँक एक संमतीचा अर्ज घेते, विम्याची रक्कम मला हवी आहे असं सांगणारा. सोबत केवायसीची कागदपत्रं, सगळ्या खात्यांचे नंबर, आणि दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या चालू असलेल्या खात्याचा तपशील, कारण बंद दारातल्या खात्यात पैसे टाकून उपयोग नाही. त्यासाठी सगळं आयुष्य एकाच बँकेत घालवलेल्या माणसाने दुसरीकडे निदान एक साधं बचत खातं उघडून ठेवावं.

अर्ज अडतो तो नावात. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर आद्याक्षर. काउंटरवर असताना मी स्वतः असे अर्ज परत पाठवलेत आणि शिव्याही खाल्ल्यात. बँक धडधाकट असतानाच हे दुरुस्त करून घ्या. दाव्याची स्थिती महामंडळाच्या वेबसाइटवर बघता येते. दलाल लागत नाही आणि फीही लागत नाही. 'विम्याचे पैसे लवकर काढून देतो, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो चोर आहे.

खातेदार हयात नसेल तर वारस म्हणून नोंद असलेली व्यक्ती किंवा कायदेशीर वारस दावा करतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, हिस्से ठरवूनही.

पाच लाखांच्या वरच्या रकमेवर पाणी सोडायचं?

लगेच नाही. बँक अवसायनात गेली तर अवसायक कर्जं वसूल करतो, इमारती विकतो, आणि त्यातून आधी महामंडळाने दिलेले पैसे परत जातात, मग उरलेल्यांचा नंबर. महामंडळ दानधर्म करत नाही, त्याला कायद्याने वसुलीचा हक्क आहे. कर्जबुडव्याची जमीन वादात असेल तर अवसायन एका पिढीचं काम होऊ शकतं.

विलीनीकरण झालं तर योजनेत लिहिलेलं असतं तसं. पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा ५ लाखांपर्यंतची रक्कम आधी आणि वरची हप्त्या-हप्त्याने दहा वर्षांपर्यंत, अशी मांडणी होती. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचा हप्ता बांधून देताना हिशोब कुणी केला असेल, असं मला तेव्हाही वाटलं होतं. गोव्यात म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला आणि ती अवसायनात गेली, तिथे मार्ग वर सांगितलेला पहिला, म्हणजे अवसायकाचाच होता.

त्याच बँकेचं माझ्यावर कर्ज आहे. हप्ते थांबवले तर?

थांबवू नका. बँकेचं देणं अडलं म्हणून तुमचं देणं अडत नाही. सिबिल बिघडेल आणि दंडव्याज लागेल.

उलट कर्ज असण्याचा एक फायदा आहे. विमा ठरवताना ठेवीतून बँकेचं येणं वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर मर्यादा लावतात. ठेव ७ लाख, कर्ज बाकी ३ लाख, तर उरतात ४ लाख. ते सगळे विम्यात बसतात. म्हणजे त्या माणसाचं काहीच बुडत नाही.

सरकारी बँकेत ठेवले की चिंता नाही ना?

विमा तिथेही ५ लाखांचाच. सरकारने हमी दिली आहे असं कुठल्याही कायद्यात नाही. अशी लेखी हमी पोस्टाच्या बचतीला आहे, एलआयसीच्या पॉलिसीला आहे, बँकेच्या ठेवीला नाही. मात्र अनुभव असा की मोठी व्यापारी बँक डळमळली की तिला दुसरीच्या गळ्यात बांधतात. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. येस बँकेवर ५ मार्च २०२० ला ५० हजारांची मर्यादा आली आणि १८ मार्चला उठलीसुद्धा. ठेवीदारांचं काही बुडालं नाही. हा रिवाज झाला. रिवाज आणि कायदा यांत फरक आहे, एवढं मनात असू द्या.

येस बँकेत तर लोकांचे पैसे गेले होते ना?

ठेवींचे नाही, बाँडचे. 'एटी-वन' नावाचे ८,४१५ कोटींचे बाँड शून्य केले गेले. पुष्कळ ज्येष्ठ नागरिकांना ते मुदत ठेवीसारखेच म्हणून विकले होते अशा तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँकेच्या काउंटरवर विकत घेतली ती प्रत्येक गोष्ट ठेव नसते. म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी, बाँड यांना ठेव विमा नाही. सहकारी बँकेचे शेअरसुद्धा ठेव नव्हेत. कर्ज घेताना कापून घेतलेले ते शेअर बँक गेली की गेले.

लॉकरमधले दागिने?

ती ठेव नाही, त्यामुळे हा विमा नाही, पण बँकेवर निर्बंध आले म्हणून दागिने बुडत नाहीत, ते तुमचेच असतात. चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं ३,००० तर ३ लाख. सोन्याचा आजचा भाव बघून तुम्हीच ठरवा.

खात्यातून ऑनलाइन पैसे चोरले तर हा विमा चालतो का?

नाही, बँक बुडाली तरच चालतो. चोरीसाठी ताबडतोब १९३० ला फोन आणि बँकेत लेखी तक्रार. चूक तुमची नसेल आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर तोशीस येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा दंडक आहे.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्या एनआरई खात्याला विमा आहे का?

भारतातल्या बँकेत भारतात ठेवलेली ठेव असेल तर आहे, तोच ५ लाखांचा. भारतीय बँकेच्या परदेशातल्या शाखेत ठेवलेल्या पैशाला नाही.

'बँक वाचवायला ठेवीदारांचे पैसे वापरणार' असा मेसेज दरवर्षी येतो. खरं आहे का?

तो मेसेज २०१७ सालचा आहे. त्या वर्षी वित्तीय संस्थांच्या दिवाळखोरीसंबंधी एक विधेयक संसदेत मांडलं गेलं होतं, त्यातल्या एका कलमावरून हा गहजब झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. तो मेसेज काही मागे घेता आलेला नाही.

मग तुम्ही स्वतः पैसे कुठे ठेवता?

दोन बँका आणि पोस्ट. एका बँकेत मी आणि बायको, दोन्ही क्रमांनी जोडखाती. कुठल्याच पावतीत साडेचार लाखांच्या वर नाही. याशिवाय बायकोचे ४० हजार कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत आहेत. तिथल्या पिग्मीच्या बाई रोज चहाच्या वेळेला येतात, गेल्या बारा वर्षांत एकदाही खाडा नाही. मी एकदा विम्याचं काढलं तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी कप उचलून गॅलरीत गेलो.